शब्द कोण, आणि तो करतो काय?

शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी पार्ट्स ऑफ स्पीच किती हे तो सांगेल. आठ. पुढे त्यांची नावेही येतील, तीही बहुधा चालीवर: नाउन, प्रोनाउन, ॲड्जेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रेपोझिशन, कन्जंक्शन, इंटरजेक्शन. गाडी अडते ती पुढच्या स्टेशनावर. 'राउंड' या शब्दाची जात कोणती असे विचारले, की भल्याभल्या पदवीधरांचा आवाज खाली येतो. 'अ राउंड टेबल' म्हणताना तो विशेषण असतो, 'द सेकंड राउंड' म्हणताना नाम. 'राउंड द कॉर्नर' मध्ये तो प्रेपोझिशनचे काम करतो, 'ही टर्न्ड राउंड' मध्ये क्रियाविशेषणाचे, आणि 'दे राउंडेड द केप' मध्ये तर त्याला 'एड' लागून तो सरळ क्रियापदच होतो. हा काही अपवादात्मक शब्द नाही. 'डाउन', 'फास्ट', 'वेल', 'लाइक', 'दॅट' असे कितीतरी रोजचे शब्द हाच खेळ करतात.

अशा वेळी शिक्षक एक तयार उत्तर देतात: शब्दाची जात शब्दात नसते, वाक्यातल्या उपयोगावर असते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कुठे निसटते ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. वाक्यातल्या शब्दाबाबत दोन प्रश्न विचारायचे असतात. तो कोण आहे, हा पहिला. आणि तो इथे काय करतो आहे, हा दुसरा. शालेय व्याकरणाने हे दोन प्रश्न एकात मिसळले, आणि आपला गोंधळ बराचसा तिथून सुरू झाला. ते मिसळले कसे, हे पाहायचे तर या आठ खणांचा इतिहास थोडा उलगडावा लागेल. तो इंग्लंडात सुरू होत नाही.

प्लेटोच्या संवादांत वाक्याचे दोनच भाग आहेत, एक नावाचा आणि एक त्याविषयी काही सांगणारा. ॲरिस्टॉटल आणि स्टोइक तत्त्वज्ञांनी त्यांत भर घातली. इसवी सनापूर्वी शंभरच्या सुमारास अलेक्झांड्रियात शिकलेल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणात आठ शब्दजाती येतात: नाम, क्रियापद, धातुसाधित, आर्टिकल, सर्वनाम, प्रेपोझिशन, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. विशेषणाला तिथे वेगळी जागा नाही. ग्रीकमध्ये ते नामासारखेच विभक्ती घेऊन चालते, म्हणून ते नामातच बसवले आहे. या यादीतली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिच्यातल्या व्याख्या मुख्यतः शब्दाच्या रूपावर उभ्या आहेत. विभक्ती घेते ते नाम; विभक्ती न घेता काळ, पुरुष आणि वचन दाखवते ते क्रियापद; दोन्हींचे गुण घेते ते धातुसाधित. ग्रीक भाषेत शब्दाच्या शेपटीकडे पाहून त्याची जात सांगता येत होती.

हीच यादी रोमन व्याकरणकारांनी उचलली. लॅटिनला आर्टिकल नाही. मग आठाचे सात व्हायला हवे होते. पण ती जागा केवलप्रयोगी अव्ययाने भरून काढली आणि आकडा आठच राहिला. चौथ्या शतकात डोनॅटसने आणि सहाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिसियनने लिहिलेली लॅटिन व्याकरणे पुढे जवळपास हजार वर्षे युरोपातल्या शाळांत चालली. इंग्लंडात इसवी सन 1000 च्या आगेमागे एल्फ्रिक या धर्मगुरूने मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण लिहिले ते जुन्या इंग्रजी भाषेत. व्याकरण लॅटिनचे आणि समजावणी इंग्रजीत, अशी ती मांडणी होती. साचा मात्र तोच, आठ खणांचा.

खुद्द इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण आले 1586 मध्ये. ते लिहिणाऱ्या विल्यम बुलोकरची धडपड एवढीच होती, की लॅटिनसारखे नियम आपल्या बोलीलाही आहेत हे लोकांना पटावे. त्यामुळे लॅटिनचा साचा त्याने जवळपास जसाच्या तसा इंग्रजीवर बसवला. त्याविरुद्ध पहिला ठसठशीत आवाज निघाला तो गणितज्ञाचा. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले, लॅटिन भाषेतच, आणि इंग्रजीला लॅटिनच्या विभक्ती लावू नयेत असे त्यात बजावले. अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह गणितात आणले ते याच वॉलिस यांनी.

अठराव्या शतकात इंग्लंडात व्याकरणांचे पीक आले. जोसेफ प्रीस्टली यांचे 1761 चे, पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांचे 1762 चे, आणि लिंडली मरे यांचे 1795 चे ही त्यांतली ठळक नावे. प्रीस्टली म्हणजे पुढे ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले तेच. भाषेत त्यांचा कौल लोकांच्या वापराला होता. लोथ यांचा कल नियमाकडे. मरे यांची कहाणी वेगळीच आहे. हे मूळचे अमेरिकेतले वकील आणि व्यापारी. इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन स्थायिक झाले, प्रकृती खालावलेली. तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांना हवे होते म्हणून त्यांनी व्याकरण लिहिले, आणि ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिले. लोथ आणि मरे या दोघांनीही शब्दजाती नऊ मानल्या. आर्टिकल वेगळे ठेवले. गूल्ड ब्राउन या अमेरिकन व्याकरणकाराने 1851 च्या आपल्या जाडजूड ग्रंथात धातुसाधितही वेगळे काढून त्या दहा केल्या. इयन मायकल या अभ्यासकाने 1970 मध्ये अठराव्या शतकाअखेरपर्यंतची इंग्रजी व्याकरणे तपासली, तेव्हा शब्दजातींच्या पन्नासहून अधिक वेगवेगळ्या मांडण्या त्यांना सापडल्या. म्हणजे आठ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो वादातून, तडजोडीतून आणि बऱ्याचदा निव्वळ सवयीतून टिकला आहे.

आपल्याकडे हा आकडा पक्का झाला तो नेसफील्ड आणि नंतर रेन आणि मार्टिन यांच्यामुळे. नेसफील्ड यांची व्याकरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातल्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिली गेली. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि 'बो जेस्ट' ही परदेशी लष्करी पथकावरची गाजलेली कादंबरी त्यांचीच. कादंबरीकार म्हणून त्यांना आज फार कोणी ओळखत नाही. पण रेन-मार्टिनचे लाल पुस्तक घरात नव्हते असे मध्यमवर्गीय घर विरळाच. हे पुस्तक टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यातल्या सरावांनी अनेकांची वाक्ये सरळ केली आहेत. पण त्याच्या शब्दजातींच्या व्याख्या जुन्याच आहेत, आणि तिथेच मेख आहे.

मेख अशी. ग्रीक-लॅटिनमधल्या व्याख्यांना दोन पाय होते, रूप आणि अर्थ. जुन्या इंग्रजीतही नामांना चार विभक्ती आणि तीन लिंगे होती, त्यामुळे तिथे हे दोन्ही पाय चालले असते. पण अकराव्या ते पंधराव्या शतकादरम्यान इंग्रजीचे प्रत्यय झडत गेले. आज नामाला उरले आहे अनेकवचनाचे 'एस' आणि षष्ठीचे 'एस', विशेषणाला तर लिंग-वचनाचे काहीच नाही. व्याख्येचा रूपाचा पाय गेला आणि शाळेच्या पुस्तकांत अर्थाचा तेवढा राहिला. व्यक्ती, स्थळ, वस्तूचे नाव ते नाम. क्रिया दाखवते ते क्रियापद. एका पायावर ही व्याख्या चालवून पाहा. 'एक्स्प्लोजन' ही क्रिया नाही तर काय आहे? पण तो शब्द नाम आहे. 'बिलाँग' किंवा 'रिझेम्बल' यांत कोण काय करते? कोणीच काही करत नाही. तरी ती क्रियापदे. 'अरायव्हल' आणि 'अराइव्ह' यांचा अर्थ एकच, जाती दोन. अर्थावरून जात ओळखा असे मुलाला सांगून मग त्याचे उत्तर चुकले म्हणून लाल रेघ मारणे, हा अन्याय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी यातून वाट काढायचे प्रयत्न केले, आणि या पुस्तकाचे ऋण मुख्यतः त्यांचे आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1924 मध्ये पाचच वर्ग मानले. क्रियाविशेषण, प्रेपोझिशन, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या चारांना त्यांनी एकाच वर्गात टाकले. त्यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. 'ड्रिंक' या क्रियापदाला कर्म असो वा नसो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. मग 'बिफोर' च्या पुढे 'लंच' आले तर प्रेपोझिशन, पुढे 'ही केम' आले तर कन्जंक्शन, आणि काहीच न आले तर ॲडव्हर्ब, असे एका शब्दाचे तीन तुकडे कशासाठी?

अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी तर जुनी नावेच टाकून दिली. मिशिगनमध्ये त्यांनी सुमारे पन्नास तासांची टेलिफोनवरची खरीखुरी संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि 1952 मध्ये त्यांच्या आधारे पुस्तक लिहिले. साध्या वाक्यात एक जागा रिकामी ठेवायची आणि तिथे कोणते शब्द बसतात ते पाहायचे, ही त्यांची पद्धत. जे एका जागी बसतात ते एका वर्गातले, अर्थ काहीही असो. अशा चार मोठ्या वर्गांना त्यांनी पहिला ते चौथा असे नुसते आकडे दिले, आणि 'द', 'नॉट', 'ॲंड' यांसारख्या कामकरी शब्दांचे पंधरा गट केले, त्यांना अक्षरे दिली. आकड्यांची नावे वर्गात रुजली नाहीत, रुजणारही नव्हती. पण रिकाम्या जागेची ती चाचणी मात्र राहिली. आपल्याकडच्या 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये ती नकळत वापरली जातेच.

इंग्लंडात रँडॉल्फ क्वर्क यांनी 1959 मध्ये इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी सुरू केली आणि 1985 मध्ये तिघा सहकाऱ्यांसह सुमारे पावणेअठराशे पानांचे व्याकरण दिले. त्यात 'द', 'माय', 'धिस', 'सम' यांसारख्या शब्दांना डिटर्मिनर म्हणून स्वतंत्र वर्ग मिळाला. 2002 मध्ये रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचे केंब्रिजचे व्याकरण आले. त्यांनी सर्वनामाला नामाचाच पोटवर्ग केले, कन्जंक्शनचे दोन वेगळे वर्ग केले, आणि 'बिफोर' बाबत येस्पर्सन यांचे म्हणणे मान्य करून त्याला तिन्ही ठिकाणी प्रेपोझिशन म्हटले. क्वर्क आणि हडलस्टन यांत नेमके कोण बरोबर, हा वाद आम्ही इथे लढत नाही. आमचा कल बहुतेक ठिकाणी हडलस्टन-पुलम यांच्याकडे आहे, पण सर्वनामाला वेगळे ठेवणेच आमच्या वाचकाच्या सोयीचे आहे असे वाटल्याने ते वेगळेच ठेवले.

या सगळ्या मंडळींचे एका गोष्टीवर एकमत आहे. वर्ग आणि कार्य वेगळे. 'रेड वॉल' आणि 'स्टोन वॉल' घ्या. दोन्हीकडे पहिला शब्द 'वॉल' बद्दल काही सांगतो, म्हणून शाळेत दोन्ही विशेषणे ठरतात. आता थोडे खोदून पाहा. 'व्हेरी रेड' चालते, 'व्हेरी स्टोन' चालत नाही. 'रेडर' होते, 'स्टोनर' या अर्थाने होत नाही. 'द वॉल इज रेड' म्हणता येते, 'द वॉल इज स्टोन' म्हटले तर तिथे 'स्टोन' भिंत कशाची ते सांगणारे नामच राहते. म्हणजे 'स्टोन' हे नाम आहे, आणि इथे ते विशेषणाचे काम करते आहे. मराठीत 'साखर कारखाना' म्हणताना आपण साखरेला विशेषण मानत नाही, आणि 'दगडी भिंत' म्हणायचे झाले तर दगडाचे रूपच बदलतो. उलट बाजूने 'द पुअर' पाहा. शाळेचे पुस्तक म्हणते, विशेषण इथे नाम झाले. पण 'द व्हेरी पुअर' म्हणता येते आणि 'पुअर्स' असे अनेकवचन होत नाही. म्हणजे ते विशेषणच आहे, नामाच्या जागी येऊन बसलेले. मराठीतले 'गरीब' मात्र 'गरिबांना' म्हणताच खरोखरच नाम होते, प्रत्ययासकट. पुस्तकाच्या आरंभी ज्या अर्ध्या सत्याचा उल्लेख केला ते हे. उपयोगावरून कार्य कळते. वर्ग कळण्यासाठी शब्दाचे बाकीचे वागणे पाहावे लागते: त्याला काय लागते, त्याच्या आधी काय येते, तो कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही.

अर्थात शब्द खरोखर जात बदलतातही, आणि इंग्रजीइतक्या सहज ते क्वचितच कुठे बदलत असतील. प्रत्यय झडल्याचा हा फायदा. 'गूगल' हे कंपनीचे नाव 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात क्रियापद म्हणून दाखल झाले. 'शाम्पू' आपल्याकडून, चंपीच्या घराण्यातून, अठराव्या शतकात इंग्रजीत गेला तो मालीश करणे या अर्थाचे क्रियापद म्हणून. बाटलीतला शाम्पू हे नाम त्यानंतरचे. 'फन' हे नाम आता अनेकांच्या तोंडी 'सो फन' असे विशेषणासारखे वागू लागले आहे, आणि म्हाताऱ्या शिक्षकांना त्याचा त्रास होतो. मराठीत असे फुकटात होत नाही. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायचा तर आपण 'व्हॉट्सॲप कर' म्हणतो. इंग्रजी शब्द आला की त्याच्या शेजारी 'करणे' आणून बसवतो. ॲडजस्ट करणे, मॅनेज करणे, कॅन्सल करणे, फॉरवर्ड करणे. ही सवय इंग्रजीत आड येते, कारण तिथे शेजारी कोणी आणून बसवावे लागत नाही.

मराठी माणसाच्या चुका याच ठिकाणी अगदी जवळून पाहण्यासारख्या असतात. 'लेट अस डिस्कस अबाउट इट' ही चूक सगळ्यांना माहीत आहे. 'अबाउट नको' एवढेच आपल्याला सांगितले जाते. पण 'अबाउट' आले कुठून? मराठीत आपण 'त्याविषयी चर्चा करतो'. चर्चा हे नाम, म्हणून 'विषयी' लागते. इंग्रजीतही 'अ डिस्कशन अबाउट इट' अगदी बरोबर, कारण 'डिस्कशन' हे नाम. पण 'डिस्कस' हे क्रियापद थेट कर्म घेते. म्हणजे चूक 'अबाउट' या शब्दाची नाहीच, शब्दजातीची आहे. हेच 'एम्फसिस ऑन' बरोबर आणि 'एम्फसाइज ऑन' चूक यात. हेच 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर आणि 'आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक यात. सरकारी कचेऱ्यांतले अर्ज चाळले तर ही दुसरी मालिका पानोपानी भेटते. ज्याला एकदा नाम आणि क्रियापद यांतला हा फरक दिसला, त्याला अशा डझनभर चुका एकेक करून पाठ कराव्या लागत नाहीत.

किंवा 'शी सिंग्ज गुड' घ्या. मराठीत तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात. 'चांगला' इथे कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, म्हणजे रूपाने विशेषणच आहे, आणि काम क्रियाविशेषणाचे करते. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला 'गुड' आणि 'वेल' हा भेद अनैसर्गिक वाटला तर नवल नाही. आणखी एक मोठे क्षेत्र भावना आणि गरजांचे. आपल्याला भूक लागते, तहान लागते, राग येतो, उशीर होतो: सगळी नामे, आणि 'मला' ही विभक्ती. इंग्रजीत 'हंग्री', 'थर्स्टी', 'अँग्री', 'लेट' ही सगळी विशेषणे, आणि कर्ता 'आय'. 'मला गरज आहे' मधले नाम इंग्रजीत 'नीड' हे क्रियापद होते. एकच गोष्ट दोन भाषा वेगवेगळ्या जातींच्या शब्दांनी सांगतात, आणि इंग्रजी बोलताना आपण अडखळतो ते बहुधा शब्द आठवत नाही म्हणून नाही, जात बदलायला हवी हे ध्यानात येत नाही म्हणून.

इथे एक आडवळण घेतले पाहिजे, कारण मराठी शाळेतल्या मुलाला वाटते की नाम-सर्वनाम-विशेषण ही मराठीची स्वतःची, परंपरेने आलेली मांडणी. आपल्या परंपरेची मांडणी वेगळीच होती. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार भाग केले. पाणिनीने तर सुबन्त आणि तिङन्त असे पदाचे दोनच प्रकार धरले, म्हणजे शब्दाच्या अंती काय लागते याकडे पाहून. हे ग्रीकांशी काही देवाणघेवाण न होता झाले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता, आणि आठ शब्दजातींची जी मांडणी आपण मराठीच्या तासाला आजही शिकतो ती त्या वळणाची आहे. पुढे मोरो केशव दामले यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त तिची कसून छाननी केली. म्हणजे एकाच दिवशी मराठी आणि इंग्रजीच्या दोन तासांना मुलगा जे आठ खण वेगवेगळे समजून पाठ करतो, ते दोन्ही अलेक्झांड्रियाहूनच आलेले. आम्ही याची तक्रार करत नाही. विकारी आणि अविकारी असा भेद मराठीत खरोखर लागू पडतो, इंग्रजीत लंगडतो, एवढे मात्र ध्यानात असावे.

हा विषय आता पुन्हा महत्त्वाचा होण्याची कारणे दोन. पहिले सरळ आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीत सुरू होई. त्यामुळे जे शिक्षक इंग्रजी शिकवतात त्यांच्यावरचे ओझे वाढले, आणि त्यांच्या हातात मराठीत लिहिलेले, व्याकरणाचा 'का' सांगणारे साहित्य फार थोडे आहे. भाषांतरातून इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या 'भाषांतर पाठमाले'च्या पिढीला निदान दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय होती. आता तीही गेली.

दुसरे कारण संगणकाचे. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला शब्दजातीचे लेबल लावणे हे यंत्राला भाषा शिकवण्यातले एक जुने काम. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1961 सालच्या छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, आणि पुढे त्यातल्या शब्दाशब्दावर अशी लेबले लावली गेली. पेनसिल्व्हेनियात झालेल्या मोठ्या संग्रहात शब्दांसाठी 36 लेबले आहेत. अनेक भाषांना एकच मांडणी लागू व्हावी म्हणून आखलेल्या 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' या योजनेत ती 17 आहेत, आणि तिथे इंग्रजी प्रेपोझिशनला आणि आपल्या शब्दयोगी अव्ययाला एकच लेबल मिळते. नामाच्या आधी येते की मागे, याला ती योजना महत्त्व देत नाही. यंत्राला अडचण येते ती आपल्यालाच येते तशी. 'बँक चार्जेस कस्टमर्स' आणि 'बँक चार्जेस राइज' ही दोन शीर्षके पाहा. पहिल्यात 'चार्जेस' क्रियापद, दुसऱ्यात नाम. तिसरा शब्द येईपर्यंत हे माणसालाही सांगता येत नाही. भाषांतराचे यंत्र मराठीत भलतेच वाक्य देते तेव्हा बऱ्याचदा मूळ घोटाळा अशा एका लेबलाचा असतो, आणि ते ओळखून दुरुस्त करायला जागेवर माणूस लागतो. भाषांतराच्या धंद्यात आज हेच काम वाढते आहे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते आता सांगतो. शब्दजातीची व्याख्या इथे कुठेही आरंभी दिलेली नाही. आधी वाक्ये येतात, मग चाचण्या, आणि व्याख्या आलीच तर शेवटी. प्रत्येक वर्गाला सारखी पाने मिळालेली नाहीत. क्रियापद आणि प्रेपोझिशन यांनी पुस्तकाचा मोठा भाग खाल्ला आहे, कारण मराठी वाचकाचे खरे हाल तिथे होतात. केवलप्रयोगी अव्ययाला दीड पान पुरले. क्रियाविशेषणाचे प्रकरण लिहिताना सर्वांत जास्त त्रास झाला. हा वर्ग म्हणजे इंग्रजी व्याकरणाची अडगळीची खोली आहे: 'क्विकली', 'यस्टरडे', 'व्हेरी', 'नॉट', 'हाउएव्हर' यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही, दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून ते इथे आले. त्यांना आम्ही पोटगटांत लावले आहे. सगळे नीट लागले असा दावा नाही.

आर्टिकल आणि त्याच्या गोतावळ्याला आम्ही डिटर्मिनर म्हणून वेगळा वर्ग दिला. मराठीला आर्टिकल नाही, आणि 'द' ला विशेषण म्हणून शिकवल्याने मराठी मुलाला ते ऐच्छिक वाटते, 'रेड' सारखे, घातले तर घातले. डिटर्मिनरची जागा रिकामी सोडायची की नाही हा इंग्रजीत प्रत्येक नामासमोर उभा राहणारा प्रश्न आहे, हे एकदा कळले की निम्मी लढाई संपते. मराठीशी तुलना जिथे उजेड पाडते तिथेच केली आहे. प्रत्येक पानावर 'मराठीत मात्र' अशी जोड लावण्याचा मोह टाळला.

जुन्या शाळांत वाक्यातल्या शब्दांचे व्याकरण चालवायला सांगत. मूल उभे राहून एकेक शब्द घेई आणि जात, लिंग, वचन, विभक्ती सांगत जाई. तो प्रकार पुष्कळदा घोकंपट्टीचा झाला, पण त्यातली हळू वाचण्याची सवय मोलाची होती. सरावाची वाक्ये आम्ही त्याच हेतूने दिली आहेत, फक्त प्रत्येक शब्दाखाली दोन रकाने आहेत, एक वर्गाचा आणि एक कार्याचा. पहिल्या काही पानांत दोन्ही रकान्यांत तेच तेच येते असे वाटेल. 'स्टोन वॉल' पाशी आलात की ते वेगळे होऊ लागतील.

राहिला परीक्षांचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही, कारण या पुस्तकाचे बरेच वाचक स्पर्धा परीक्षा देणारे असणार. तिथे आजही आठच शब्दजाती विचारल्या जातात, 'माय' ला विशेषण आणि 'बिफोर' ला जागेप्रमाणे तीन वेगवेगळ्या जाती लिहिल्या तरच गुण मिळतात. म्हणून जिथे परीक्षेचे उत्तर आणि आमचे उत्तर वेगळे पडते तिथे दोन्ही दिली आहेत. परीक्षेचे आधी, आमचे त्याच्या खाली, कारणासह.